जाहिरातींचा हरवत चाललेला ठेवा

आपण कधी विकत घेतली नाही अशी साबणाची वडी, आपल्या दारात कधी उभी राहिली नाही अशी स्कूटर आणि ज्याची चव आज सांगताही येणार नाही असे एखादे शीतपेय, यांची जाहिरात मात्र चाळीस वर्षांनंतर सूरतालासह जशीच्या तशी आठवावी, हा अनुभव आज पन्नाशी-साठीत असलेल्या बहुतेक मराठी माणसांच्या परिचयाचा आहे. शाळेत घोकलेली सनावळी विसरली, भूमितीची प्रमेये विसरली. पण दंतमंजनाचे, धुण्याच्या पावडरीचे आणि पापडाचे गाणे विसरता विसरत नाही. लग्नघरी किंवा प्रवासात कोणी एकाने पहिली ओळ उचलली की उरलेल्या ओळी बाकीचे न चुकता पुऱ्या करतात. या स्मरणरंजनाकडे आपण कौतुकाने पाहतो आणि तेथेच थांबतो. माझ्या मते तो विषय अधिक गंभीर विचारास पात्र आहे; कारण १९७६ पासून १९९० च्या आसपासपर्यंत दूरदर्शनवर झळकलेल्या जाहिराती या त्या काळच्या मध्यमवर्गीय संसाराचा विश्वसनीय दस्तऐवज आहेत, त्यांच्यामागे अव्वल दर्जाच्या कलावंतांचे श्रम आहेत, आणि हा सारा ठेवा आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होत आहे.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात झाला, आणि मुंबईचे केंद्र सुरू होण्यास २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला. पुढल्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपणामुळे मुंबईचे कार्यक्रम पुणेकरांच्या घरांतही दिसू लागले. त्या काळी दूरचित्रवाणी संच घरी आणणे म्हणजे सरकार दरबारी नोंद होण्याजोगी बाब होती. संचासाठी परवाना लागे, त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे, आणि मुदत संपली की त्याचे नूतनीकरणही करून घ्यावे लागे. शेती, आरोग्य, साक्षरता आणि कुटुंबनियोजन या विषयांचे लोकशिक्षण हाच दूरदर्शनचा मुख्य हेतू मानला गेला असल्यामुळे व्यापाऱ्यांच्या मालाची भलावण करण्यास तेथे आरंभी मज्जाव होता. तो १ जानेवारी १९७६ रोजी उठला आणि पैसे भरून जाहिरात दाखवण्याची सोय झाली. त्याच वर्षीच्या १ एप्रिलला दूरदर्शन आकाशवाणीपासून विभक्त होऊन स्वतंत्र खाते बनले. मुभा मिळाली तरी ती सरसकट नव्हती. सिगारेट आणि मद्य यांच्या जाहिरातींना बंदी होती, आणि प्रत्येक जाहिरात खात्याच्या आचारसंहितेच्या चाळणीतून गेल्याखेरीज पडद्यावर येत नसे.

तथापि जाहिरातीचे गाणे महाराष्ट्राच्या कानांना याआधीच सरावलेले होते. आकाशवाणीच्या विविध भारती सेवेवर व्यापारी जाहिरातींना १९६७ च्या नोव्हेंबरात प्रथम परवानगी मिळाली ती मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. त्याहीपूर्वी, १९५२ पासून, सिलोन रेडिओवर अमीन सायानी यांच्या आवाजात चाललेल्या गीतमालेने बिनाका या दंतमंजनाचे नाव देशभर घरोघरी नेले होते. पुढे त्या मंजनाचे नाव सिबाका झाले, कार्यक्रमाचेही झाले, तरी जुन्या श्रोत्यांच्या तोंडी पहिलेच नाव राहिले. चित्रपटगृहांत मध्यंतराच्या सुमारास दाखवले जाणारे जाहिरातपट हा याच वंशवेलीचा आणखी एक फाटा. श्याम बेनेगल यांनी आपल्या कारकिर्दीचा प्रारंभ लिंटास या जाहिरातसंस्थेत लेखक म्हणून केला, पुढे शेकडो जाहिरातपट केले, आणि १९७४ साली त्यांचा ‘अंकुर’ निघाला तो जाहिरातपट चित्रपटगृहांपर्यंत पोहोचवणाऱ्या ब्लेझ या संस्थेच्या भांडवलावर. भारतीय समांतर चित्रपटाच्या एका आद्य कृतीचा खर्च साबण-तेलाच्या जाहिरातींतून जमलेल्या पैशाने भागला, ही घटना जाहिरातीकडे केवळ धंदा म्हणून पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

दूरदर्शनला खऱ्या अर्थाने अखिल भारतीय रूप आले ते १९८२ नंतर. त्या वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा व्हायच्या होत्या, आणि रंगीत प्रक्षेपणाचा आग्रह धरणारे माहिती व नभोवाणी मंत्री होते आपल्या विदर्भातले वसंत साठे. ज्या देशात कोट्यवधी लोकांना पिण्याचे पाणी मिळत नाही तेथे रंगीत चित्रे हवीत कशाला, असा आक्षेप त्या वेळी मोठ्या तळमळीने घेतला गेला, आणि तो अगदीच अनाठायी होता असे म्हणवत नाही. पण रंग आला. पाठोपाठ १९८४ मध्ये नवी सहक्षेपण केंद्रे इतक्या वेगाने उभी राहिली की काही महिने सरासरी रोज एका केंद्राची भर पडत होती, आणि जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांतील घरांच्या छपरांवर ॲल्युमिनिअमच्या सांगाड्यांचे अँटेना दिसू लागले. एकाच संध्याकाळी, एकाच घटकेला, नगरच्या वाड्यातील, डोंबिवलीच्या दोन खोल्यांतील आणि पाटण्याच्या गल्लीतील कुटुंब एकच चित्र पाहत आहे, असे या देशाच्या इतिहासात पूर्वी कधी घडले नव्हते. मालाच्या उत्पादकांना ही संधी किती मोठी आहे हे उमगण्यास वेळ लागला नाही.

येथे प्रायोजक या नव्या पात्राचा प्रवेश होतो. त्याचा व्यवहार समजून घेतला पाहिजे, कारण आजच्या जाहिरातीहून तो अगदी निराळा होता. मालिका निर्माण करण्याचा खर्च प्रायोजक कंपनी निर्मात्याला देई, शिवाय दूरदर्शनकडे प्रायोजनाची ठरलेली फी भरी, आणि त्याच्या मोबदल्यात कार्यक्रमाच्या आगेमागे आपल्या जाहिराती दाखवण्यासाठी तिला काही सेकंदांचा वेळ फुकट मिळे. या वेळेला धंद्यातली माणसे फ्री कमर्शियल टाइम म्हणत आणि त्याच्या सेकंदासेकंदाचा हिशेब ठेवीत. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका या व्यवस्थेचे पहिले मोठे फळ. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी बोधपर मालिकांचा जो प्रयोग केला होता त्याच्या धर्तीवर कुटुंबनियोजन आणि स्त्रियांची प्रतिष्ठा हे विषय कथेच्या अंगाने मांडावेत, असा सरकारचा मनोदय होता. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे होते. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी वडीलकीच्या नात्याने चार शब्द बोलत. आणि या साऱ्याचा खर्च उचलणारी कंपनी होती नुकत्याच बाजारात आलेल्या मॅगी नूडल्सची. दीडशेहून अधिक भाग चाललेल्या त्या मालिकेने बडकी आणि छुटकी यांची सुखदुःखे घरोघरी पोहोचवली, आणि त्याच वाटेने, दोन मिनिटांत शिजणारे एक परके खाद्य पोहे-उपम्याच्या स्वयंपाकघरात शिरले ते आजतागायत बाहेर पडलेले नाही.

गावच्या उत्सवात कीर्तनाचा खर्च उचलणारा यजमान पहिल्या रांगेत बसतो, आरंभी त्याला गंध लावतात, शेवटी त्याला नारळ देतात, आणि मधल्या वेळात आख्यान बुवांचे असते. त्या काळच्या प्रायोजकाचे स्थान पुष्कळसे असे होते. बहुधा जाहिराती कार्यक्रमाआधी आणि कार्यक्रमानंतर एकत्र लागत, कथेच्या ऐन भरात तिचा हात धरून ओढीत नसत, आणि म्हणून प्रेक्षकाच्या मनात प्रायोजकाविषयी चीड न राहता एक प्रकारची कृतज्ञता राही. ‘सुरभि’ या कार्यक्रमाचे उदाहरण घ्या. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे यांनी हसतमुखाने सादर केलेल्या, देशाच्या कानाकोपऱ्यातील कला आणि कारागिरी दाखवणाऱ्या त्या कार्यक्रमाच्या नावाला अमूलचे नाव इतके जडून गेले की दोन्ही एका श्वासात उच्चारली जात. त्यातील प्रश्नांच्या उत्तरांची पोस्टकार्डे पोत्यांनी येऊ लागली, तेव्हा सवलतीच्या कार्डांचा हा भार न पेलून टपाल खात्याला स्पर्धांसाठी अधिक किमतीचे निराळे कार्ड काढावे लागले. लोण्याच्या कंपनीने पैसे दिले म्हणून मेघालयातील विणकाम पश्चिम महाराष्ट्रातील खेड्याला दिसले, या घटनेचे मोल मला फार वाटते.

मराठी वाचकाला विशेष जिव्हाळ्याचे वाटावे असे प्रायोजकाचे घराणे म्हणजे पेंढरकरांचे. केशव विष्णू पेंढरकर नागपुरात किराणा मालाचे दुकान चालवीत. ते मुंबईस आले आणि परळ भागात १९५२ साली आयुर्वेदिक दंतमंजन बनवण्याचा उद्योग त्यांनी आरंभला, तोच पुढे विको या नावाने प्रसिद्धीस आला. औषधनिर्माणशास्त्र शिकलेले त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर यांच्या कारकिर्दीत हळदीचे मलम निघाले. हळद लावलेल्या त्वचेवर पिवळा डाग न ठेवणारे हळदीचे मलम लोकांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. ते काम जाहिरातीने केले. लग्नघर, हळदीचा विधी, नटलेली वधू आणि त्यावर ठसक्यात चालणारे गाणे, एवढ्याच सामग्रीवर ती जाहिरात उभी होती. आपले मलम हे सौंदर्यप्रसाधन नव्हे, आयुर्वेदिक औषधी आहे, असा आग्रह त्या गाण्यात होता, आणि हाच मुद्दा केंद्रीय अबकारी खात्याशी चाललेल्या कंपनीच्या दीर्घ कज्ज्याचाही होता. कारण प्रसाधन ठरले तर कर जबर, औषध ठरले तर सौम्य. अखेरीस निकाल कंपनीच्या बाजूने लागला. ज्या गाण्यावर आम्ही लहानपणी ठेका धरीत होतो त्यातील मुद्द्यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे युक्तिवाद झाले, हे कळल्यावर ते गाणे मी अधिक आदराने ऐकू लागलो. याच कंपनीने १९८४ मध्ये ‘ये जो है ज़िंदगी’ ही विनोदी मालिका प्रायोजित केली आणि शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, सतीश शाह ही मंडळी शुक्रवारच्या संध्याकाळी घरचीच होऊन बसली. हिंदी चित्रपटांच्या भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटींवरही या जाहिराती असत. त्यामुळे लंडन आणि न्यू जर्सी येथे वाढलेल्या भारतीय मुलांच्या स्मरणातही हळदीच्या मलमाचे हे गाणे पक्के बसलेले आहे.

आता ज्या दोन जाहिरातींवर थोडे रेंगाळल्यावाचून पुढे जाता येत नाही त्यांकडे वळू. अहमदाबादेत १९६९ साली करसनभाई पटेल यांनी स्वतः पावडर घोटून सायकलवरून दारोदार विकण्यास सुरुवात केली आणि तिला आपल्या कन्येच्या नावावरून निरमा हे नाव दिले. बाजारात तेव्हा हिंदुस्थान लिव्हरच्या सर्फचे राज्य होते. निरमाची किंमत त्याच्या सुमारे एक-चतुर्थांश. दूरदर्शनवर निरमा आले ते पांढऱ्या झग्यात गिरकी घेणाऱ्या मुलीच्या रूपाने, आणि एका गाण्याच्या पाठीवर बसून. त्या गाण्यात तर्क नव्हता, दावा नव्हता; कपड्यांचा शुभ्रपणा, किंमत परवडण्याचा आनंद आणि चार बायकांची साधीसुधी नावे, एवढेच होते. पण ती नावे प्रत्येक चाळीत, प्रत्येक वाड्यात होती. ज्या गृहिणीने तोवर कपडे धुण्यासाठी साबणाची वडी आणि राख यांपलीकडे काही पाहिले नव्हते तिला पावडर ही श्रीमंतांची वस्तू नाही असा धीर त्या गाण्याने दिला.

त्याला उत्तर म्हणून लिंटासमध्ये ॲलेक पदमसी यांनी ललिताजी घडवल्या. घाईने किंमत कमी करून निरमाशी झुंजण्याऐवजी, महाग वस्तू घेणे हाच शहाणपणा कसा, हे सांगू शकेल अशी व्यक्ती त्यांना हवी होती. आणि पै-पैचा हिशेब ठेवणारी, पण निकृष्ट माल दारात उभा न करणारी ती व्यक्ती त्यांना स्वतःच्या आईच्या रूपात सापडली, असे ते सांगत. पडद्यावर न दिसणारा पुरुषी आवाज ललिताजींना विचारतो की इतकी महाग पावडर तुम्ही का घेता, आणि बाजारात भाजी पारखून घेणाऱ्या, नीटस साडीतल्या ललिताजी त्याला स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतील भेद सुनावतात. अर्धा किलो चांगली पावडर एक किलो हलक्या पावडरीइतके काम करते, हा त्यांचा रोकडा हिशेब. त्यांच्या आवाजात लाडिकपणा नाही, डोळ्यांत आर्जव नाही, ओठांवर हसू तर नाहीच. भारतीय जाहिरातीत स्त्री तोवर बहुधा नटलेली, लाजणारी किंवा पतीच्या शाबासकीची वाट पाहणारी असे. येथे मात्र ती अर्थशास्त्र जाणणारी, प्रश्नकर्त्यालाच निरुत्तर करणारी होती. ही भूमिका करणाऱ्या कविता चौधरी यांनी पुढे १९८९ मध्ये ‘उडान’ ही मालिका स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि तीत पोलीस अधिकारी स्त्रीची भूमिकाही केली. त्या कथेची प्रेरणा होती त्यांची सख्खी बहीण, पोलीस अधिकारी कांचन चौधरी भट्टाचार्य, ज्या पुढे उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. ललिताजींच्या नजरेतला करारीपणा नुसता अभिनयाचा नव्हता, असे मला यावरून नेहमी वाटत आले आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांच्या अंतराने, कविता चौधरी आणि अमीन सायानी दोघेही गेले.

या जाहिरातींच्या मागे राबणाऱ्या मराठी हातांची दखल आपण पुरेशी घेतलेली नाही. असंख्य जिंगलांना चाली देणारे अशोक पत्की हे नाव भावगीतांच्या आणि मालिकांच्या शीर्षकगीतांच्या रसिकांना ठाऊक आहे. १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर प्रथम दाखवलेल्या, अनेक भाषांतून एकतेचा सूर आळवणाऱ्या त्या सुप्रसिद्ध गीतातही त्यांच्या संगीताचा मोठा वाटा. वीस-तीस सेकंदांत मुखडा, अंतरा, वस्तूचे नाव आणि ते मनात रुतवणारी एक हरकत हे सारे बसवायचे म्हणजे काय कसब लागत असेल, याची कल्पना संगीत जाणणाऱ्यांनीच करावी. कविता कृष्णमूर्ती, प्रीती सागर यांसारख्या गायिकांनी या छोट्या गीतांना आपला आवाज दिला. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो गुबगुबीत, पापड कुरकुरत खदखदून हसणारा ससा बोलक्या बाहुल्यांचे कलावंत रामदास पाध्ये यांच्या हातातला. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या उद्योगाला त्याचा चेहरा मिळाला तो या सशाच्या रूपाने. त्याचे मोठाले पुढचे दात, प्रत्येक घासागणिक हलणारे कान आणि शेवटचे ते हास्य पाहताना लहान मुले हातातला घास विसरत. बाहुलीच्या आत एका मराठी कलावंताची बोटे आहेत हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. ओनिडा दूरचित्रवाणी संचाच्या जाहिरातीतील शिंगे-शेपटीचा हिरवा सैतान ही गोपी कुकडे यांची निर्मिती. शेजाऱ्याच्या मनातील मत्सर हा विक्रीचा मुद्दा करण्याचे धाडस त्यांनी दाखवले. ती कल्पना प्रभावी होती हे मान्य करूनही, शेजारधर्मावर वाढलेल्या माझ्या मनाला ती कधी पूर्णपणे रुचली नाही.

उत्पादकांतही आपली माणसे होती. फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीची लुना १९७२ साली अहमदनगरहून निघाली आणि शिक्षिका, तलाठी, दूधवाले यांची हक्काची स्वारी झाली. तिला नुसते वाहन न ठेवता लाडके जनावर असावे तशी साद घालणारी जाहिरात पीयूष पांडे यांच्या लेखणीतली. आकुर्डीच्या कारखान्यात बनणारी बजाजची स्कूटर ही तर नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहायची वस्तू होती. मुलीच्या लग्नाच्या याद्यांत स्कूटरचा क्रमांक मिळाल्याचा उल्लेख असे, हे आजच्या तरुणांना सांगूनही खरे वाटणार नाही. पण ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी सहकार्याने बनलेल्या नव्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि बजाजला आपले स्थान पुन्हा सांगण्याची गरज भासली. १९८९ मधील लिंटासच्या त्या जाहिरातीत लुई बँक्स यांच्या संगीतावर निरनिराळ्या वयांची, वेषांची आणि धर्मांची सामान्य माणसे आपापली स्कूटर पुसताना, तिच्यावर कुटुंबाला बसवताना, तिला नमस्कार करावा तशी न्याहाळताना दिसतात. यंत्राच्या गुणांविषयी तीत जवळजवळ अवाक्षर नाही. वाट पाहून मिळवलेल्या वस्तूविषयीची माया तेवढी आहे.

आणि या स्मरणाचे मर्म मला येथेच दिसते. मानसशास्त्राने त्याची काही कारणे सांगितली आहेत. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की केवळ त्या परिचयानेच ती आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली प्रयोगांनी दाखवले. आणि वयाच्या साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी उतारवयात सर्वांत दाट असतात, हेही अभ्यासकांनी नोंदवले आहे. सूर आणि यमक यांच्या आधाराने शब्द अधिक काळ टिकतात, हे तर ओव्या आणि पाढे यांवर वाढलेल्या आपल्या समाजाला कोणी सांगायला नको. परंतु एवढ्याने सारे उलगडत नाही. आजची जाहिरात पूर्वीहून कितीतरी अधिक वेळा डोळ्यांसमोर येते, तरी तिच्याभोवती अशी माया जमत नाही. दूरदर्शनच्या काळात वाहिनी एक होती, संचही पुष्कळदा आळीत एकच होता, आणि त्याच्यापुढे सतरंजीवर बसलेल्या घरच्या आणि शेजारच्या माणसांत जाहिरातीचे गाणे सर्वांनी मिळून म्हटले जाई. त्या वस्तू बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होत्या. गाणे मात्र सर्वांचे होते. वस्तू नसताना गाण्यावर हक्क सांगणाऱ्या त्या मुलांना आज वस्तू मिळाली आहे, आणि सतरंजीवरची माणसे राहिलेली नाहीत.

याचा अर्थ त्या जाहिराती निर्दोष होत्या असा नाही, आणि स्मरणरंजनाच्या भरात त्यांचे दोष झाकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हली या मलमाच्या जाहिराती दशकानुदशके हेच शिकवीत राहिल्या की सावळ्या मुलीचे लग्न आणि नोकरी दोन्ही तिच्या वर्णावर अडतात. त्या मलमाच्या नावातील गोरेपणाचा उल्लेख काढून टाकण्यास २०२० साल उजाडावे लागले. ललिताजींचा अपवाद सोडला तर धुणे, भांडी आणि स्वयंपाक यांपलीकडे स्त्रीला जाहिरातीत फारसे स्थान नव्हते, आणि खेड्यातला मनुष्य दिसलाच तर ट्रॅक्टर, खते किंवा कुटुंबनियोजन यांच्यापुरता दिसे. पण दस्तऐवजाचे मोल त्यातील सुंदर भागावर अवलंबून नसते. आपल्या समाजाने काय हवेसे मानले, कशाची लाज बाळगली, कोणाला पडद्यावर आणले आणि कोणाला आणले नाही, हे उद्याच्या इतिहासकाराला या वीस सेकंदांच्या तुकड्यांतून जितके स्पष्ट वाचता येईल तितके सरकारी अहवालांतून वाचता येणार नाही.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी सुरू झाली, हातात रिमोट आला, आणि जाहिरात लागली की वाहिनी बदलण्याची सवय घरोघरी रुजली. जाहिराती पुढेही चांगल्या निघाल्या. १९९४ मधील, क्रिकेटच्या मैदानात धावत जाऊन आनंदाने नाचणाऱ्या तरुणीची कॅडबरीची जाहिरात कोण विसरेल? पण सर्वांनी एका वेळी पाहण्याचा काळ संपला होता.

आता त्या ठेव्याच्या जतनाविषयी. जुने जाहिरातपट फिल्मवर चित्रित होत आणि पुढे चुंबकीय टेपेवर उतरवून दूरदर्शनकडे जात. टेप महाग असल्यामुळे तीच पुसून पुन्हा वापरण्याची वहिवाट होती, आणि जाहिरातीची मुदत संपल्यावर ती राखून ठेवावी असे कोणाला वाटण्याचे कारणही नव्हते. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, परंतु त्याचे मुख्य लक्ष स्वाभाविकपणे कथापटांवर राहिले. पुष्कळ जाहिरातसंस्था विलीन झाल्या, त्यांची दफ्तरे हलली, रिळे रद्दीत गेली. आज संगणकावर ज्या जुन्या जाहिराती पाहायला मिळतात त्यांतील पुष्कळशा कोणा गृहस्थाने घरी ‘रामायण’ किंवा क्रिकेटचा सामना कॅसेटवर मुद्रित करताना चुकून शिल्लक राहिलेल्या आहेत. सावध माणसे जाहिरात लागताच यंत्राचा खटका दाबून मुद्रण थांबवीत; ज्यांनी तो कंटाळा केला त्यांचे उपकार आज मानावे लागत आहेत.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या माळ्यावर, कपाटाच्या खणात किंवा गावच्या घरी १९८० ते १९९५ या काळातील घरगुती मुद्रणाच्या कॅसेटी असतील तर त्या भंगारात देऊ नका, आणि मुलाच्या मुंजीचा किंवा मालिकेचा भाग तेवढा ठेवून मधल्या जाहिराती कापूनही टाकू नका. मुंबईच्या आणि कोकणच्या दमट हवेत चुंबकीय टेपेला बुरशी लवकर धरते. व्हीएचएस यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले आहे, आणि चालू स्थितीतली यंत्रे व ती दुरुस्त करणारे कारागीर दरसाल कमी होत आहेत. कॅसेटीवर मुद्रणाचे वर्ष आणि कार्यक्रमाचे नाव लिहा, तिची संगणकीय प्रत करून घ्या, आणि एक प्रत जवळच्या विद्यापीठाच्या माध्यम विभागाकडे किंवा एखाद्या संग्रहालयाकडे सोपवण्याची तजवीज करा. जाहिरातसंस्थांनी आणि जुन्या उत्पादक कंपन्यांनी आपल्या गोदामांतील रिळांची यादी करून ती अभ्यासकांना खुली करावी. हे काम पुढल्या पिढीवर टाकता येण्यासारखे नाही. टेप तेवढी वर्षे थांबणार नाही.